रात्री दोनची नोंद

धरणावर पाणीपातळीच्या नोंदी ठेवण्याचे काम मी अनेक वर्षे केले आहे. त्यातली पावसाळ्याच्या अखेरची एक रात्र अजून तशीच आठवते. पूर्ण संचय पातळीला, म्हणजे धरण जिथवर भरायचे त्या कमाल पातळीला, केवळ ३० सेंटिमीटर बाकी होते आणि भिंतीजवळची मोजपट्टी दर तासाला वाचून पूर नियंत्रण कक्षाला कळवायची, असा क्रम सुरू होता. रात्री दोनची पातळी एकच्या नोंदीपेक्षा ५ सेंटिमीटरने जास्त भरली.

त्या पातळीला आमच्या जलाशयाचा पृष्ठभाग सुमारे १०० चौरस किलोमीटर असल्यामुळे ही वाढ ५० लाख घनमीटरची होते, म्हणजे सेकंदाला जवळपास १,३९० घनमीटर जादा येवा, म्हणजे धरणात येणारे पाणी. धरणात येणारे सगळे पाणी थेट मोजता येत नाही. साठ्यातल्या फरकात सोडलेले पाणी आणि बाष्पीभवन मिळवून येवा काढावा लागतो, त्यामुळे पट्टीवरची बोटभर चूक येव्यात पूर होऊन दिसते. कक्षातून दरवाजे उचलण्याची तयारी ठेवण्याची सूचना आली, आणि त्या आकड्याकडे पाहता ती योग्यच होती.

मला खटकत होते ते वेगळेच. पाणलोटात पाऊस नव्हता, वरच्या मापन केंद्रावर नदी दुपारपासून उतरत होती आणि मध्यरात्रीनंतर जोर धरलेला वारा जलाशयाच्या लांबीने थेट भिंतीवर येत होता. दुसऱ्या टोकाच्या मोजपट्टीवरच्या कर्मचाऱ्याला मी फोन लावला. "साहेब, इथं तर पाणी खाली गेलंय," तो म्हणाला. वाऱ्याने पाणी भिंतीकडे लोटले होते. साठा वाढलेला नव्हता.

दोन्ही पातळ्या कळवून मी तासभर थांबण्याची विनंती केली. तासाला ५ सेंटिमीटर हा वेग खरा धरला, तरी उरलेली जागा भरायला निदान पाच तास लागणार होते, एवढाच माझा आधार होता. विनाकारण दरवाजे उचलले असते, तर नदीकाठच्या लोकांना भर रात्री घरे सोडावी लागली असती आणि उन्हाळ्यातल्या पिण्याच्या पाण्यासाठी व आवर्तनांसाठी, म्हणजे शेतीला पाळीपाळीने सोडण्यासाठी, राखायचे पाणी वाहून गेले असते. पाऊस परतत असताना ते पुन्हा मिळण्याची खात्री नव्हती. विनंती मान्य झाली, पण तो तास मी मोजपट्टीपासून हललो नाही.

चारच्या सुमारास वारा पडला आणि पाचची पातळी एकच्या नोंदीशी जुळली. दोनची नोंद मी खोडली नाही. तिच्यापुढे शेऱ्याच्या रकान्यात वाऱ्याची दिशा आणि दुसऱ्या टोकाची पातळी लिहिली.