पठार सपाट असतं म्हणे

घारगाव, रात्रीचे साडेनऊ.

लॉजचा जिना चढताना कठडा धरावा लागला, इतके पाय भरून आलेत. तरी लिहून ठेवते, म्हणजे पुढच्या जानेवारीत परत कुणी म्हणालं ना की चल गं पठारावर सायकल मारू, सपाट असतं, तर हे काढून वाचेन. म्हणणारे तिघंही ऐनवेळी गळाले, एकाला ताप, एकाची मीटिंग आणि एकाला कुणाच्या तरी लग्नात मांडव घालायचा होता. मग काय, 26 जानेवारीला जोडून सुट्टी टाकलेली होतीच, निघाले एकटी.

मॅपवर खरंच सोपं दिसतं हो. भीमा, घोड, कुकडी, मुळा, प्रवरा, सगळ्या सह्याद्रीतून निघून पूर्वेकडे गेल्यात, पंजा पसरल्यासारख्या, आणि मधेमधे जी जागा उरते ते पठार. आता मी पुण्याहून उत्तरेला जाणार म्हणजे प्रत्येक बोट आडवं ओलांडणार. एक नदी म्हणजे एक उतार आणि एक चढ, हा साधा हिशोब घरी चहा पिताना डोक्यात आला नाही, तो इथे येऊन मांड्यांनी केला.

पहिल्या दिवशी नगर रोडच्या ट्रकांमधून जायची हिंमत नव्हती, म्हणून राजगुरुनगरवरून पाबळ. पाबळला मस्तानीची समाधी आहे, पाच मिनिटं थांबले, एक केळं खाल्लं, पुढे निघाले. पुढे कान्हूर मेसाई लागलं. दुसऱ्या दिवशी कान्हूर पठारला जायचंय असं तिथल्या टपरीवर सांगितलं तर चहावाले काका म्हणाले, ‘म्हंजी कान्हूरातनं कान्हूरात? मग इथंच रहा की.’ मलठणच्या पुढे घोड ओलांडली, आणि संध्याकाळी टाकळी हाजीवरून कुकडी. कुकडीच्या अलीकडे पुणे जिल्हा, पलीकडे नगर (आता अहिल्यानगर लिहायचं, पण तोंडात नगरच बसलंय).

निघोजचे रांजणखळगे फोटोत शंभर वेळा बघितले होते. प्रत्यक्षात बघताना गंमत वेगळीच वाटली, की नदी दिसतच नाही! लांबून नुसता काळा कातळ, आणि जवळ गेलं की त्या कातळाच्या पोटात नदी. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा तो, आणि त्याला भोकं कुणी पाडली तर पाण्यात गरगर फिरणाऱ्या दगडगोट्यांनी. खाचेत एक गोटा अडकतो, पूर आला की फिरतो, खाच मोठी होते, गोटा झिजून संपतो, दुसरा येतो. एवढंच. वर मळगंगेचं देऊळ. अंधार पडेस्तोवर तिथेच बसून राहिले, मग ऑफिसातल्या मैत्रिणीच्या मामांकडे पिठलं, बाजरीची भाकरी, आणि मामींचा प्रश्न, ‘मिस्टरांनी सोडलं कसं एकटीला?’ मी म्हटलं त्यांना सायकल येत नाही. मामी एवढ्या हसल्या की विषयच संपला.

काल पारनेर. सेनापती बापट मूळचे पारनेरचे, 1880 चा जन्म. त्यांच्या नावाच्या रोडवर मी रोज सकाळी चाळीस मिनिटं सिग्नलला उभी असते, म्हटलं चला, एकदा गाव तरी बघून घेऊ. पारनेरच्या पुढे कान्हूर पठारापर्यंत जो चढ आहे त्याबद्दल काही लिहायची इच्छा नाही. वारा समोरून. थंडीत वारा उत्तर-पूर्वेकडून वाहतो हे शाळेत भूगोलात होतं, मी परीक्षेपुरतं पाठ केलेलं. झाड नाही, आडोसा नाही, सगळ्यात हलक्या गिअरवर सायकल आणि वेग इतका की शेजारून मेंढरं घेऊन जाणारे बाबा माझ्याशी आरामात बोलत चाललेले. सायकल केवढ्याची, हा प्रश्न आलाच. खरी किंमत सांगायची सोय नाही, मी आपलं ‘सात हजार’ म्हणते. बाबा म्हणाले, ‘फसवलं तुला.’

इथे पावसाळ्यात वाटाणा असतो सगळीकडे, आत्ता मात्र कुठे ज्वारी, कुठे कांद्याची लागवड, आणि बराचसा भाग नुसता मोकळा माळ. पाऊस वर्षाचा पाचशे मिलीमीटरच्या आसपास. कान्हूरच्या जवळ वडगाव दर्या आहे, तिथे कपारीत थेंब थेंब पाणी ठिबकून चुनखडीचे लवणस्तंभ तयार झालेत. एवढ्या उघड्याबोडक्या माळावर त्या दरीत उतरलं की गारवा, ओलं, देवीचं देऊळ, माकडं. म्हणजे पठारावर पाणी आहे, पण असं, थेंबाथेंबानं आणि खाली दरीत. रात्री टाकळी ढोकेश्वरला मुक्काम, लेणी सकाळी बघितली, तिथे मी आणि एक पुजारी एवढेच होतो.

आणि आज. आज खडकवाडीच्या अलीकडे मागचं चाक बसलं. वेड्या बाभळीचा काटा, टायरमधून आरपार. ट्यूब बदलली, आणि पंप काढला तर पंपाचा दांडाच हातात आला. मग ढकलत गावात. पंक्चरवाला पोरगा विशीतला, त्यानं व्हॉल्व्ह बघितला आणि म्हणाला, ‘मॅडम हे काय आणलंय?’ प्रेस्टा व्हॉल्व्ह, बारीक, त्याच्या कॉम्प्रेसरची नळी बसेना, आणि अ‍ॅडॉप्टर माझ्या घरी ड्रॉवरमध्ये सुखरूप. पोरानं व्हॉल्व्हवरची प्लॅस्टिकची टोपी काढली, फिरवून फिरवून बघितली, ब्लेडनं तिचं टोक छाटलं, आणि उलटी करून व्हॉल्व्हवर आवळली. त्या टोपीवर नळी बसली! हवा भरली! मी दहा वर्षं सायकल चालवतेय आणि मला हे माहीत नव्हतं. वीस रुपये म्हणाला, पन्नास दिले तर तीस परत केले, वर संक्रांतीचा उरलेला तीळगूळ.

या गडबडीत पळशीला उशीर झाला. होळकरांच्या दिवाणांचं हे गाव, तटबंदीच्या आत अख्खं गाव वसलेलं, विठ्ठलाचं देऊळ तर असं कोरलंय की पंढरपूरला न जाता इथेच यावं (हे माझं मत, वारकऱ्यांनी माफ करावं). शाळेतली पोरं लेझीमची प्रॅक्टिस करत होती, मला बघून अख्खी रांग चुकली आणि सर माझ्यावरच चिडले.

तिथून मांडव्याकडे उतरताना पहिल्यांदा मुळा दिसली. सकाळपासून डोळ्याला एकच रंग, वाळक्या गवताचा, आणि एकदम खाली हिरवा पट्टा, ऊस, घास, भाजीपाला, नदीकाठाला मोटारींच्या केबल. उतारावर ब्रेक सोडून जाणार होते, पण थांबून बघत बसले. तेवढ्यात एक टँकर खालून भरून वर जाताना दिसला, दुसऱ्या गिअरवर घरघरत. जानेवारीत टँकर कशाला म्हणून नंतर साकूरला विचारलं, तर कुणाचं तरी डाळिंबाचं शेततळं भरायला चाललेला. प्यायच्या पाण्याचे टँकर उन्हाळ्यात. हॉटेलवाले काका शांतपणे सांगत होते, नदी आमच्या पायथ्यानं जाते आणि राहुरीला मुळा धरणात जमा होते, 26 टीएमसीचं धरण, कालवे तिथून पुढे नेवासा, शेवगाव, पाथर्डी. वर पाणी आणायचं तर मोटार पाहिजे, पाइपलाइन पाहिजे, वीज पाहिजे. ‘तुमी पंधरा किलो सामान घेऊन घाट चढला ना, तसं पाण्याला चढावं लागतं इथं,’ म्हणाले. सकाळपासून मी जे सगळ्या रस्त्याला शिव्या घालत चढत होते ते यांनी एका वाक्यात मांडलं आणि भजी तळायला गेले.

साकूर ते घारगाव परत पठार, परत वारा, पण आता बाजूनं. घारगावच्या पुलावर मुळा दुसऱ्यांदा. ढाब्यावर मासवडी खाल्ली, दोन प्लेट. बस आता.

कोतुळ, दुपारी दोन.

आज वारा पाठीवर! बोट्यापर्यंत नाशिक हायवेवर जीव मुठीत घेऊन, पण एकदा ब्राह्मणवाड्याच्या रस्त्याला लागले आणि तीन दिवसांत पहिल्यांदा गाणं म्हटलं, मोठ्यानं, कुणी ऐकत नव्हतं. पश्चिमेला जाईल तसं सगळं बदलत जातं. डोंगर जवळ येतात, झाडं वाढतात, मातीचा रंग बदलतो, भाताची रिकामी खाचरं दिसायला लागतात. हरिश्चंद्रगड समोर निळा निळा, मुळा तिथूनच येते. अजून पुढे घाटघरकडे पावसाचा आकडा पाच हजार मिलीमीटरच्या घरात, आणि मी परवा पाचशेच्या गावात होते, सायकलवर! गाडीतून हा फरक कळला असता असं वाटत नाही, काच खाली करेपर्यंत तालुका संपतो.

आत्ता कोतुळेश्वराच्या देवळापाशी बसलेय, मुळा तिसऱ्यांदा. अकोल्याला (इथलं तालुक्याचं अकोले, विदर्भातलं नाही) पोचून एसटीच्या टपावर सायकल टाकायचा विचार आहे, प्रवरेकडचा घाट पुढच्या वेळी. शेजारी एक आजोबा बसलेत, त्यांनी सगळा रूट विचारून घेतला, मांडवं, साकूर, घारगाव, बोटा. बोटावर मोजलं. मग म्हणाले,

‘मंग तू सारखी वर चढली कशापायी? नदीच्या कडंकडंनी यायचं.’

म्हटलं आजोबा, मॅपमध्ये रस्ता नाहीये तिथून.

‘हाये ना. गाडीवाट हाये.’