आधी अंतर, मग कॅमेरा: नाशिकच्या सुट्टीत डिजिटल रेंजफाइंडर

रामकुंडाच्या पायऱ्यांवर रेंजफाइंडर, म्हणजे दोन प्रतिमा जुळवून फोकस करायचा कॅमेरा, पहिल्यांदा डोळ्याला लावणाऱ्याची एक फसगत ठरलेली असते. मधला पॅच जुळलेला दिसतो, शटर दाबलं जातं, आणि संध्याकाळी मोठ्या पडद्यावर बघावं तर डुबकी मारणारा माणूस धूसर आणि त्याच्या मागची पायरी शार्प. लेन्स ठीक असते. घाटाच्या पायऱ्या आडव्या असतात, सगळी गोम तिथे आहे.

या कॅमेऱ्याला समोरून दोन खिडक्या असतात. लायकाच्या एम बॉडीत त्यांच्यात साधारण ६९ मिलिमीटरचं अंतर असतं. एका खिडकीतून आपण थेट समोर बघतो, दुसरीतली प्रतिमा मधल्या छोट्या चौकटीत, म्हणजे पॅचमध्ये पडते. लेन्सची रिंग फिरवली की लेन्समागची सरकती कड (कॅम) बॉडीतल्या छोट्या चाकाला (रोलरला) ढकलते आणि पॅचमधली प्रतिमा डावी-उजवीकडे सरकते. दोन्ही प्रतिमा एकावर एक बसल्या की फोकस झाला. आता सरकणं फक्त आडवं असेल, तर पायरीची आडवी कड स्वतःवरच सरकणार. ती दुहेरी दिसतच नाही, त्यामुळे चुकीचा फोकसही बरोबर वाटतो.

उपाय दोन. उभी रेघ शोधा: देवळाचा कोपरा, छत्रीचा दांडा, उभ्या माणसाच्या सदऱ्याची कड. किंवा कॅमेरा उभा धरा, पायरीवर पॅच जुळवा, मग पुन्हा आडवा करून फ्रेम लावा. उभा धरल्यावर दुसरी अडचण येते. पायऱ्या एकसारख्या असल्यामुळे एक पायरी शेजारच्या पायरीवर जुळते आणि डोळ्याला पटतेही. म्हणून जिच्यावर तांब्या, चप्पल, ओला पंचा असं काहीतरी वेगळं पडलंय, तीच पायरी निवडा. रिंग दर वेळी अनंतापासून जवळ आणा, एकाच दिशेने. मागे-पुढे खेळवत बसलात की डोळा गोंधळतो.

कोणती बॉडी, हे थोडक्यात. पहिला डिजिटल रेंजफाइंडर एप्सनचा आर-डी १, २००४ चा. मग लायकाचे एम ८ (२००६), एम ९ (२००९), एम टाइप २४०, एम १० (२०१७) आणि एम ११ (२०२२). फुजीचे एक्स १०० वगैरे दिसायला तसे असले तरी आत दोन प्रतिमा जुळवणारी ही यंत्रणा त्यांत नाही. जुना एम ८ घेणार असाल तर लेन्सवर यूव्ही-आयआर (अतिनील आणि अवरक्त किरण अडवणारा) फिल्टर हवाच, नाहीतर काळे सिंथेटिक कपडे जांभळट येतात. जुना एम ९ घेताना एफ १६ वर (एफ म्हणजे अ‍ॅपर्चर, लेन्सचं तोंड; आकडा मोठा तसं ते लहान) रिकाम्या आकाशाचा फोटो काढून १०० टक्क्यांवर बघा. ब्लोअरने हवा मारूनही न जाणारे, भोवती वलय असलेले गोल डाग दिसले तर सेन्सरवरची काच गंजलेली आहे. तो कॅमेरा परत ठेवा.

लेन्स एकच न्या, ३५ मिलिमीटर. घाट, बाजार, लेणी, तिन्हीकडे ती पुरते. चष्मा असेल तर २८ ची फ्रेमलाइन (फोटोची हद्द दाखवणारी रेघ) कडेला जाते आणि पूर्ण दिसत नाही, हेही ३५ निवडण्याचं एक कारण.

आता मुख्य गोष्ट. घाटावर पॅच जुळवायला वेळ मिळतच नाही. माणूस पाण्यातून वर येतो, केस झटकतो, झालं. अशा वेळी फोकस कॅमेरा वर उचलण्याआधी झालेला असला पाहिजे. ३५ मिलिमीटरवर एफ ८ ठेवून लेन्स ३ मीटरवर लावली की १.९ मीटरपासून साधारण ७ मीटरपर्यंत सगळं चालण्याजोगं शार्प येतं. २ मीटरवर लावली की १.४ ते ३.३ मीटर. ५ मीटरवर लावली तर अडीच मीटरपासून थेट अनंतापर्यंत. किती धूसरपणा खपवून घ्यायचा, याच्या फिल्मच्या काळच्या सवलतीवर हे हिशेब बसवलेले आहेत. एम ११ च्या ६० मेगापिक्सेलवर तेवढ्यावर विसंबू नका. लेन्सवरच्या डेप्थ स्केलवर (कुठून कुठपर्यंत शार्प येईल ते दाखवणाऱ्या खुणांवर) एफ ८ ऐवजी एफ ५.६ च्या खुणा बघा आणि अ‍ॅपर्चर एफ ८ च ठेवा.

अंतराचा अंदाज हा सरावाचा भाग. सामान्य चालीतलं एक पाऊल सुमारे ७५ सेंटिमीटरचं, म्हणजे चार पावलं झाली ३ मीटर. निघण्याआधी आठवडाभर रस्त्यात खांब, टपरी, उभी रिक्षा बघून आकडा मनात म्हणायचा आणि पावलं मोजून पडताळायचा. लेन्सला बोटाची टॅब असेल तर ती सरळ खाली, डावीकडे, उजवीकडे असताना किती मीटर होतात ते पाठ करा. प्रत्येक लेन्सचं गणित वेगळं असतं. ते एकदा बोटांत बसलं की नजर माणसावरून हलवावी लागत नाही, आणि रेंजफाइंडरचा खरा फायदा तिथेच मिळतो: चौकटीबाहेरचंही दिसत असतं, डावीकडून टोपलीवाली फ्रेममध्ये शिरणार हे आधी कळतं.

शटर १/२५० सेकंदाच्या खाली नेऊ नका. उडणारं पाणी थांबवायचं असेल तर १/५००. नदीवरची चमक आणि पांढरी धोतरं कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरला फसवतात. एम १० पर्यंतचे मीटर नेहमीच्या वापरात शटरच्या पात्यांवरून परतलेला प्रकाश मोजतात, तोही मधल्या भागाला झुकतं माप देऊन. मध्ये चमकतं पाणी आलं की माणसं काळवंडतात. त्याच उन्हातल्या पायरीच्या करड्या दगडावर मोजून एक्स्पोजर मॅन्युअल करून टाका आणि ढग येईपर्यंत त्याला हात लावू नका. डॉ. आंबेडकरांच्या १९३० च्या सत्याग्रहामुळे काळाराम मंदिरासमोर मुद्दाम थांबणारे पुष्कळ असतात. तिथे उलटा प्रकार: काळा दगड मीटरला अंधार वाटतो, फोटो उजळ येतो आणि दगडाची सगळी जरब जाते. एक स्टॉप कमी, म्हणजे निम्मा उजेड द्या. देवळात, विशेषतः गाभाऱ्यात, कॅमेरा काढण्याआधी पाटी वाचा, विचारा.

भर दुपारी आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) २०० वर एफ ४ ला १/३२०० लागतो. एम ९ पासून यांत्रिक शटर १/४००० ला संपतं, म्हणजे एफ २ ची हौस भागवायची तर तीन स्टॉपचा एनडी (उजेड कमी करणारा) फिल्टर हवा. एम ११ चं इलेक्ट्रॉनिक शटर १/१६००० पर्यंत जातं, पण धावत्या रिक्षा त्यात तिरक्या येऊ शकतात. फिल्टरच बरा.

भांडी बाजारात प्रश्न जवळच्या अंतराचा. बहुतेक लेन्स ०.७ मीटरच्या आत येत नाहीत. तांब्याच्या हंड्यावरच्या ठोक्यांची नक्षी कितीही बोलावत असली तरी हातभर मागेच थांबावं लागतं. त्या नक्षीवर पॅच जुळवायला जाऊ नका, प्रत्येक ठोका शेजारच्या ठोक्यासारखा असतो. हंड्याच्या बाहेरच्या कडेवर किंवा कडीवर जुळवा. फ्रेमलाइन फोकसबरोबर सरकतात, त्यामुळे जवळच्या वस्तू कडेला कापल्या जात नाहीत. मात्र त्यांचा आकार बदलत नाही. एम ९ मध्ये तो १ मीटरसाठी आखलेला आहे, टाइप २४० पासून २ मीटरसाठी. दूरच्या दृश्यात चौकटीपेक्षा थोडं जास्तच येतं, तेव्हा रस्त्यात किंवा नदीवर चौकट गच्च भरली तरी चालते. लेन्सचं हूड खालचा उजवा कोपरा झाकतं. नेमक्या त्याच कोपऱ्यात गल्लीत लावलेली मोटारसायकल दडून बसते. आणि लेन्सचं झाकण! व्ह्यूफाइंडर लेन्समधून बघत नाही, झाकण तसंच असलं तरी दृश्य स्वच्छ दिसतं. दिवसभरासाठी ते झोळीत टाका, लेन्सवर हूड पुरे.

पांडवलेण्यांत मात्र हा कॅमेरा घरच्यासारखा वागतो. २४ लेणी, आणि आत उभे खांब. १८ क्रमांकाच्या चैत्यगृहात खांबाच्या कडेवर पॅच चटकन बसतो. फार अंधार वाटला तर बाहेरच्या उजेडावर काळी दिसणारी दाराची चौकट शोधा, तितक्याच अंतरावर उभे राहून मग आत वळा. एम बॉडीत हात स्थिर करणारी सोय नाही. पाठ भिंतीला टेकवा, कोपर बरगडीला, अर्धा श्वास सोडून १/३० ला दाबा, लागोपाठ तीन फोटो घ्या. मधला बहुधा शार्प निघतो. एम ९ वर आयएसओ ८०० च्या पुढे जाऊ नये असं आमचं मत. एम १० वर ३२०० बिनधास्त.

याच डोंगरावरून यंत्रणेची तपासणीही करून घ्या. किलोमीटरभर लांबची पाण्याची टाकी किंवा मोबाइलचा टॉवर निवडा आणि लेन्स अनंतावर टेकवा. दोन प्रतिमा तंतोतंत एक झाल्या नाहीत तर रोलर सरकलाय. स्कूटरच्या डिक्कीत आदळत आलेल्या कॅमेऱ्याचं हेच होतं. अशा वेळी सुट्टीत स्क्रू पिळू नका. अनुभवी माणसाकडे देईपर्यंत एफ ८ आणि अंतराच्या अंदाजावर काम भागतं, किंवा टाइप २४० आणि पुढच्या बॉडीत लाइव्ह व्ह्यू (पडद्यावर थेट लेन्समधलं दृश्य) वापरा.

पावसाळ्यात त्र्यंबकला जाणार असाल तर एसी गाडीतून उतरताच झाकण काढू नका, काच धुरकटते. बॅग बंद ठेवून पंधरा-वीस मिनिटं थांबा. एम १० पर्यंत बॅटरी-कार्डासाठी तळाची पट्टी पूर्ण काढावी लागते. ती दातांत किंवा काखेत धरू नका, थेट खिशात घाला. घाटावर निसटली तर पायऱ्यांवरून पाण्यातच जाते. बदलायचं काम काठापासून दूर, बसून करा.

रामकुंडावर अस्थिविसर्जनासाठी लोक लांबून येतात. त्यांच्याकडे आणि आंघोळ करणाऱ्या बायकांकडे कॅमेरा वळवू नये. शटरचा आवाज बारीक आहे म्हणून परवानगी मिळाली असं होत नाही.

संध्याकाळच्या आरतीला पॅचची सगळी कुरकुर संपते. काळोखात उभी ज्योत: दोन ज्योती जवळ येतात, एक होतात, इतका सोपा फोकस दिवसभरात कुठेच मिळत नाही. पण ज्योत हातभर पुढे असते आणि चेहरा मागे. ३ मीटरवरच्या ज्योतीवर ३५ मिलिमीटर एफ २ ठेवलं तर साडेतीन मीटरच्या पुढचं सुटतं, दोन फूट मागचा चेहरा मऊ पडतो. एफ २.८ ला तो आत येतो. आयएसओ ३२००, १/१२५ पासून सुरुवात करा, आणि ज्योत पांढरीफटक झाली तर एक स्टॉप खाली या.