काच गेली त्याचं काही नाही, पण ती झेरॉक्स!

आमच्या कोपरखैरण्यात पार्किंग म्हणजे रस्ताच, रात्री साडेदहानंतर आलात की दोन गल्ल्या सोडून गाडी लावायची. मागच्या आठवड्यात तशीच लावली आणि सकाळी दूधवाल्याने बेल वाजवली, साहेब तुमच्या गाडीची काच फुटलीय. सीटवर साबुदाणा सांडावा तसे काचेचे कण (बाजूच्या काचा टफन्ड असतात ना, चुराच होतो), स्टिरिओ जागेवर, पण ग्लव्ह बॉक्स रिकामा. त्यात आरसी आणि माझ्या आधारची झेरॉक्स, तीही सही केलेली! बायको म्हणाली, त्यापेक्षा स्टिरिओ नेला असता तर बरं झालं असतं. खरंय.

पोलिसांत तक्रार दिली, डुप्लिकेट आरसीला ती लागतेच, पण डोक्यात ती झेरॉक्सच. मग भाच्याने बसवून आधारच्या अ‍ॅपवरून बायोमेट्रिक लॉक (म्हणजे आधारसाठी माझे बोटांचे ठसे कुणी वापरू शकत नाही) करून दिलं, दोन मिनिटांचं काम, इतकी वर्षं का नाही केलं कोण जाणे. आता कुणी मागितलंच तर मास्क्ड आधार देतो, त्यात शेवटचे 4 आकडेच दिसतात. आरसी डिजिलॉकरमधली चालते, मग ओरिजिनल गाडीत कशाला ठेवायची?

पार्सलच्या खोक्यावरचं नाव-नंबरचं लेबलही फाडूनच टाकतो. शेजारचे काका हसायचे. परवा त्यांनाच मेसेज, गाडीच्या नंबरसकट, चलन भरा म्हणून, खाली लिंक. म्हटलं काका हात लावू नका, आणि पैसे गेलेच तर ताबडतोब 1930 ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन.

काच अजून आलेली नाही. तोवर प्लास्टिक आणि सेलोटेप.