«अपघात किती वाजता झाला?» : भावाच्या डोक्याला मार लागला तेव्हाचा माझा अनुभव

गेल्या पावसाळ्यात माझ्या धाकट्या भावाची मोटारसायकल उंब्रजच्या पुढे हायवेवर घसरली. डोक्याला मार, कॉलर बोन मोडलेलं. मागे बसलेला त्याचा मित्र मात्र स्वतःच्या पायांवर उभा होता. १०८ च्या गाडीने दोघांना दवाखान्यात आणलं.

कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांनी मला पहिलंच विचारलं, "ताई, अपघात नक्की किती वाजता झाला?" हा प्रश्न पोलिसांच्या कागदासाठी नव्हता. दुधाच्या टेम्पोवाल्याने अपघात पाहून लगेच १०८ ला फोन लावला होता, त्याच्या मोबाइलमध्ये वेळ सापडली. डॉक्टर म्हणाले, "तीन तासांच्या आत आहोत, सुरू करू." आणि सिस्टरांच्या हातात ट्रानेक्झामिक ॲसिड दिलं.

हे नाव मला माहीत होतं. पाळीत अंगावरून फार जायला लागलं की डॉक्टर देतात तीच गोळी, इथं शिरेतून. रक्ताची गुठळी विरघळू न देणं हे तिचं काम. डोक्यात मार बसल्यावर सुरुवातीचे काही तास आतला रक्तस्राव वाढत राहतो, तो आवरायचा असतो. पहिला एक ग्रॅम दहा मिनिटांत गेला, दुसरा आठ तास पंपावर. सिस्टरांनी पांढऱ्या चिकटपट्टीवर सुरू केल्याची आणि संपायची वेळ लिहून ती सिरिंजवर डकवली. रात्रभर मी काचेतून तीच पट्टी बघत होते.

डॉक्टरांनी पुढे सांगितलं ते मी नंतर वाचूनही घेतलं. 'क्रॅश-३' नावाच्या चाचणीत २९ देशांतले १२ हजारांहून जास्त रुग्ण होते, निकाल २०१९ मध्ये आला. मार सौम्य किंवा मध्यम असेल आणि औषध लवकर मिळालं तर डोक्याच्या दुखापतीने होणारे मृत्यू कमी झाले. फार गंभीर रुग्णांत तसा फरक दिसला नाही. भावाचा जीसीएस, म्हणजे शुद्ध किती आहे ते सांगणारा ३ ते १५ मधला आकडा, ११ होता. डोळे हाक मारल्यावर उघडायचा, पण "कुठं आहेस?" विचारलं की "रानात" म्हणायचा. म्हणजे मध्यम. मला त्या ११ चा केवढा आधार वाटला!

आयसीयूबाहेर नातेवाइकांची सल्लामसलत सुरू झाली. मामांचं म्हणणं, सूज उतरायला स्टिरॉइड द्या. डॉक्टरांनी त्यांना बाजूला घेऊन शांतपणे सांगितलं, की पूर्वी देत असत. मग १०,००८ रुग्णांवर चाचणी झाली, २००४ मध्ये निकाल आला आणि स्टिरॉइड घेतलेल्यांतच मृत्यू जास्त निघाले, १७.९ टक्क्यांच्या जागी २१.१. मामा गप्प बसले. शेजारच्या बेडवाल्यांनी 'मेंदूला ताकद देणाऱ्या' सिटिकोलीनबद्दल विचारलं. त्याचीही अमेरिकेत १,२१३ रुग्णांवर चाचणी झाली, २०१२ मध्ये निकाल आला. फायदा दिसला नाही. एवढं महाग इंजेक्शन कर्ज काढून आणणारी माणसं मी तिथंच पाहिली, म्हणून हे मुद्दाम लिहिते. भावाचा मेंदू खरा जपला तो ऑक्सिजन आणि बीपी खाली न येऊ देण्याने, सोडियमवर लक्ष ठेवण्याने, उशाकडची बाजू उंच ठेवण्याने. दर तासाला डोळ्यांत टॉर्च मारून बाहुल्या बघणाऱ्या सिस्टरांनी.

परदेशातल्या चुलतभावाने मेसेज पाठवला: जीएफएपी आणि यूसीएच-एल१ ही रक्तचाचणी करून घ्या. मेंदूच्या पेशी फुटल्या की ही प्रथिनं रक्तात उतरतात. पहिलं मेंदूतल्या चेतापेशींना आधार देणाऱ्या पेशींतलं, दुसरं खुद्द चेतापेशींतलं. अमेरिकेत २०१८ मध्ये या चाचणीला परवानगी मिळाली. मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "ती चाचणी सीटी करायचा की नाही हे ठरवायला. ह्याचा सीटी तर झालाय, कपाळामागे रक्त दिसतंय. आकडा आला तरी उपचार बदलणार नाहीत." एस१००बी नावाची आणखी एक चाचणी युरोपात वापरतात, पण ते प्रथिन हाड मोडलं तरी वाढतं. भावाचं कॉलर बोन मोडलेलं, म्हणजे तो आकडा आम्हाला नुसताच घाबरवून गेला असता.

दुसऱ्या सीटीत रक्त वाढलेलं नव्हतं. फिट येऊ नये म्हणून सुरू केलेलं लेव्हेटिरासिटाम सात दिवसांनी डॉक्टरांनीच थांबवलं. त्या काळात तो फार चिडायचा, आईवरही ओरडायचा. ते औषधाने असू शकतं आणि मारानेही, हे आम्हाला आधीच सांगितलं होतं म्हणून आईने मनाला लावून घेतलं नाही. आता तो दुकानात बसतो. संध्याकाळी डोकं जड होतं, हिशेब दुपारीच उरकतो.

चुलतभावाने सांगितलेली ती जीएफएपी-यूसीएच-एल१ चाचणी मला हवीशी वाटते ती भावाच्या मित्रासाठी. जीसीएस पूर्ण १५, बोलत होता, पण एकदा उलटी झाली. त्याचाही सीटी केला, स्वच्छ निघाला. आमच्याजवळ मशीन होतं म्हणून. पाटणच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या वाड्यांवर असं कुणी पडलं तर रात्री खाली न्यायचं की सकाळची वाट बघायची, हे घरच्यांनी कशावरून ठरवायचं? २०२४ पासून अमेरिकेत हीच चाचणी रुग्णाच्या शेजारी, शिरेतल्या रक्तावर, पंधराएक मिनिटांत करायला परवानगी आहे. सीटी नसलेल्या ग्रामीण रुग्णालयांत ती आधी यायला हवी, शहरातल्या मोठ्या दवाखान्यांत नंतर आली तरी चालेल.