परवानगी कोणी दिली?

रस्त्यावरच्या शर्यतींचे मार्ग आखणे हे माझे काम आहे. नकाशावर रेघ ओढली, कडेला शंकू मांडले की मार्ग तयार झाला, असे बाहेरून वाटते. प्रत्यक्षात अधिकृत मार्ग सायकलच्या पुढच्या चाकाला जोडलेल्या मोजयंत्राने मोजतात. धावपटूला जी सर्वांत आखूड रेषा घेता येईल तीच धरावी लागते, वळणावर कडेच्या दगडापासून 30 सेंटीमीटर अंतर ठेवावे लागते, आणि अंतर कमी भरू नये म्हणून दर किलोमीटरमागे एक मीटर वाढवावा लागतो. ही आखूड रेषा एकट्या माणसासाठी असते. अंध धावपटू आणि त्याचा गाइड खांद्याला खांदा लावून धावतात, त्यामुळे ती रेषा त्यांना कधीच धरता येत नाही. एकाला ती मिळाली तरी दुसरा बाहेरच्या बाजूने पळतो. म्हणजे ज्याला आपण 'तेवढेच अंतर' म्हणतो ते या जोडीसाठी नेहमीच थोडे जास्त भरते, आणि ही गोष्ट निकालाच्या कोणत्याही रकान्यात दिसत नाही.

ज्या शर्यतीबद्दल मी लिहिते आहे ती 10 किलोमीटरची होती आणि जुलैमध्ये घेतली होती. अमेरिकेत 26 जुलै 1990 रोजी अपंग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा मंजूर झाला. त्याची आठवण म्हणून जुलै हा अपंगत्व अभिमान महिना मानला जाऊ लागला आणि पुढे तो इतरत्रही पोहोचला. अपंग धावपटूंचा एक गट कित्येक महिने आयोजकांच्या मागे लागला होता. वेगळी, छोटी, टाळ्यांची धाव त्यांना नको होती. सर्वांच्या शर्यतीत सर्वांच्या मार्गावरून धावायचे आणि सर्वांच्या निकालात यायचे, एवढेच त्यांचे म्हणणे होते. आयोजकांनी ते मान्य केले आणि मार्ग माझ्याकडे आला.

त्या मार्गाचा मला अभिमान वाटतो, आणि तो लपवण्याचे मला काही कारण दिसत नाही. रेसिंग व्हीलचेअर उतारावर धावणाऱ्यांपेक्षा कितीतरी वेगाने येते आणि झटकन थांबू शकत नाही, म्हणून त्यांची सुरुवात सर्वांत आधी ठेवली. गटारावरच्या जाळीच्या फटी रस्त्याच्या दिशेने असल्या तर त्या खुर्चीचे पुढचे अरुंद चाक त्यांत अडकते, म्हणून मार्गावरची प्रत्येक जाळी मी स्वतः वाकून पाहिली आणि जिथे शंका आली तिथे ती झाकून घेतली. वेळ नोंदवणारी चिप धातूच्या सांगाड्यावर थेट चिकटवली तर तिची नोंद चुकू शकते, म्हणून तिच्यासाठी वेगळे पट्टे मागवले. कर्णबधिर धावपटूंना भोंगा ऐकू येत नाही, म्हणून त्याच क्षणी मोठा झेंडा खाली आणायचा असे ठरवले आणि तो कोणत्याही रांगेतून दिसेल अशा उंचीवर माणूस उभा केला. सुरुवातीच्या कमानीवर लुकलुकते दिवे लावायचा आयोजकांचा बेत होता. तो मी हाणून पाडला, आणि त्यासाठी अपंगत्व अभिमान ध्वजाचेच उदाहरण दिले. त्या ध्वजावर आधी भडक रंगांचे नागमोडी पट्टे होते. पडद्यावर तो वरखाली सरकवला की लुकलुकल्यासारखा दिसे आणि अपस्मार किंवा अर्धशिशी असलेल्यांना त्याचा त्रास होई, म्हणून 2021 मध्ये पट्टे सरळ आणि रंग सौम्य करण्यात आले. जो ध्वज कमानीवर लावणार, त्याने शिकलेली गोष्ट त्याच कमानीखाली विसरायची हे मला पटत नव्हते.

एक गोष्ट मात्र मला मिळाली नाही. मी पाण्याच्या प्रत्येक ठाण्यावर एक राखीव गाइड मागितला होता. लांब पल्ल्याच्या अधिकृत शर्यतींत अंध धावपटूला दोन गाइड घेण्याची मुभा असते, कारण गाइडही माणूसच असतो आणि दमतो. त्यातच सप्टेंबर 2024 मध्ये पॅरिस पॅरालिम्पिकच्या मॅरेथॉनमध्ये जे घडले ते ताजे होते. स्पेनची धावपटू एलेना काँगोस्त तिसऱ्या क्रमांकावर होती. अंतिम रेषा अगदी समोर असताना तिच्या गाइडच्या पायात गोळा आला, तो कोसळू लागला, त्याला सावरण्यासाठी तिने दोघांना जोडणारा टेदर (हातातली दोरी) क्षणभर सोडला आणि त्यामुळे ती बाद ठरली. बैठकीत मी हे सर्व सांगितले. आपल्याकडे पदके नाहीत, मग इतकी माणसे कशाला अडकवायची, असे उत्तर मिळाले. माणसे वाचवली की पैसा वाचतो एवढाच हिशेब ज्यांना येतो, त्यांच्याकडून सुरक्षिततेवरची व्याख्याने ऐकून घेणे हा आमच्या कामातला सर्वांत शिणवणारा भाग आहे.

सातवा किलोमीटर उलटल्यावर वॉकी-टॉकीवर एका स्वयंसेविकेचा आवाज आला. एका अंध धावपटूच्या गाइडच्या पोटरीत गोळा आला होता आणि त्याला पाय टेकवत नव्हता. अंध धावपटू बाई मात्र ठणठणीत होत्या. त्यांचा वेग गाइडपेक्षा चांगला होता आणि त्यांना गाठण्याच्या धडपडीतच त्याचा पाय आखडला होता. अंतिम रेषेजवळ एक राखीव गाइड होता, पण तो येईपर्यंत त्यांचे अंग गार पडले असते. सुरक्षाप्रमुखांनी लगेच हुकूम सोडला, "दोघांना गाडीत बसवा." मग मागून बाईंचा आवाज स्पष्ट ऐकू आला, "मला गाडी नको, दुसरा माणूस द्या."

तेवढ्यात मागून एक तरुण आला, त्याने खाली बसलेला गाइड पाहिला आणि तो थांबला. तो स्वतःची शर्यत धावत होता, त्याच्या छातीवर क्रमांक होता आणि तो कर्णबधिर होता. स्वयंसेविकेला सांकेतिक भाषा येत नव्हती. तिने फोनवर दोन ओळी टाइप करून त्याला दाखवल्या. त्याने वाचले, मान हलवली आणि टेदरचे मोकळे टोक उचलले.

टेदर म्हणजे दोन्ही टोकांना फासा असलेली, न ताणणारी छोटी दोरी. अधिकृत नियमांत तिची लांबी 30 सेंटीमीटरपर्यंतच असते. शिकाऊ गाइडला वाटते की तिने ओढायचे असते. ओढणे आणि ढकलणे दोन्ही निषिद्ध आहे. शेजारशेजारचे दोन हात एका लयीत हलले पाहिजेत, म्हणजे एकाचा डावा आणि दुसऱ्याचा उजवा हात सोबत पुढे जातो, आणि मग पायही आपोआप तसे जुळतात. ही लय बसली की दोरी जवळजवळ सैल राहते. बाकीचे काम गाइडच्या तोंडाचे असते. वळण येण्याआधी आकडे उलटे मोजायचे, चढ-उतार सांगायचा, पाण्याच्या ठाण्यापुढे सांडलेले ओले पेले कोणत्या बाजूला आहेत ते सांगायचे. इथे त्या तोंडाचा उपयोग नव्हता, कारण तरुणाला बोलता येत नव्हते आणि बाईंनी विचारलेले त्याला ऐकू येणार नव्हते.

खुणा बाईंनीच ठरवल्या. स्वयंसेविकेने मला नंतर हे सर्व क्रमाने सांगितले, कारण ती त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसून प्रत्येक वाक्य टाइप करत होती. मनगटावर बोटाची एक टिचकी म्हणजे डावीकडे, दोन म्हणजे उजवीकडे. दोरी वर उचलली की गतिरोधक किंवा उंचवटा. मनगट घट्ट धरले की जागेवर थांबायचे. बाईंकडून त्याला एकच खूण होती, दोरी खाली दाबली की वेग कमी करायचा. मग दोघांनी रस्त्याच्या कडेला थोडे अंतर जाऊन-येऊन पाहिले. पहिल्या खेपेला त्याने टिचकी उशिरा दिली. बाईंनी त्याचा हात धरून, किती पावले आधी हवी ते त्याच्या तळव्यावर बोटाने आपटून दाखवले. दुसऱ्या खेपेला ती वेळेवर आली.

इकडे नियंत्रण-टेबलावर वाद चालू होता. सुरक्षाप्रमुख म्हणाले, "दोघांपैकी एक तरी धड हवा ना." त्या वाक्याला मी तिथे उत्तर दिले नाही, कारण वेळ नव्हता. मी स्वयंसेविकेला विचारले की दोघे राजी आहेत का आणि खुणा करून पाहिल्या आहेत का. पुढचा रस्ता मला तोंडपाठ होता. दोन वळणे, एक गतिरोधक आणि शेवटी वेळ नोंदवणारी चटई, जिच्या कडा मी आधीच उतरत्या करून घेतल्या होत्या. मी म्हटले, जाऊ द्या. पुढे एक सायकलस्वार देऊन त्याला ओरडून दिशा सांगायला लावावे असे मी सुचवले. बाईंनी ते नाकारले. "हाताने कळत असताना कानात आणखी कोणी ओरडले तर माझे लक्ष दोन ठिकाणी जाईल," असे त्या म्हणाल्या. सायकलस्वार मग गुपचूप मागे राहिला.

अंतिम रेषेवर मी स्वतः उभी होते. नियम असा आहे की धावपटूने गाइडच्या आधी रेषा ओलांडली पाहिजे, नाहीतर तो बाद होतो. हा नियम त्या तरुणाला कोणी सांगितला असेल असे मला वाटले नव्हते, पण तो बाईंनीच टाइप करायला लावला होता. चटई जवळ आली तशी त्याने दोरी उचलून उंचवट्याची खूण दिली आणि अर्धे पाऊल मागे राहिला. त्यासाठी त्याला कोपर मागे वळवून हात लांब करावा लागला, पण दोरी शेवटपर्यंत ताणली गेली नाही. बाईंची छाती आधी आत आली, मग त्याची.

त्यानंतर दोन गोष्टी घडल्या, आणि त्या दोन्ही माझ्या मनातून जात नाहीत.

पहिली निकालाची. त्या दोघांच्या चिपा त्याच चटईवर, जवळजवळ एकाच क्षणी वाजल्या. तरुणाची वेळ यादीत आली. बाईंच्या नावापुढे 'अपूर्ण' असे छापले गेले, कारण त्यांचा दुसरा गाइड नोंदणीकृत नव्हता. जो गाइड म्हणून चालत नव्हता तो धावपटू म्हणून चालला, आणि जिने त्याला गाइड बनवले तिची वेळ पुसली गेली. दुसऱ्याच दिवशी त्याच आयोजकांनी दोघांचा फोटो भल्यामोठ्या अक्षरांत 'प्रेरणा' असे लिहून प्रसिद्ध केला. त्याखाली कौतुकाचा पूर आला, आणि कितीतरी जणांना आंधळ्या-पांगळ्याची जुनी गोष्ट आठवली. बाईंना ती तुलना अजिबात आवडली नाही. त्या गोष्टीत दोन अपुरी माणसे एकमेकांवर लादली जातात आणि मिळून एक पुरा माणूस होतो. इथे दोन कसलेले धावपटू होते, आणि त्यांच्यात उणे होते ते आयोजनात ठेवायला हवे असलेले राखीव माणूस. फोटो वापरायचा तर खाली माझी वेळ छापा, असे त्यांनी कळवले. त्यावर फोटोच काढून टाकण्यात आला.

वेळेचा हा हट्ट काही नवा नाही. 1975 मध्ये बॉब हॉल यांना व्हीलचेअरवरून बॉस्टन मॅरेथॉन करायची होती, तेव्हा तीन तासांच्या आत आलात तर प्रमाणपत्र देऊ, असे त्यांना सांगण्यात आले. ते 2 तास 58 मिनिटांत आले आणि त्यांनी ते मिळवले.  ज्या खेळात घड्याळ सर्वांसाठी एकच असते, तिथे त्या घड्याळात आपला आकडा असणे यापेक्षा वेगळा मान हॉल यांनी मागितला नव्हता, आणि बाईंनीही मागितला नाही.

दुसरी गोष्ट माझ्या अहवालाची. घटनेच्या छापील नमुन्यात एक रकाना असतो, 'परवानगी कोणी दिली'. त्यात मी माझे नाव लिहिले होते, आणि जबाबदारी घ्यायची म्हणून ते ठळक लिहिले होते. धावपटूंच्या गटाने अहवालाची प्रत मागितली आणि ती बाईंपर्यंत पोहोचली. त्यांनी मला फोन केला. आवाजात राग नव्हता. "मी परवानगी मागितलीच नव्हती," त्या म्हणाल्या. "मी गाइड मागितला होता. उन्हात चक्कर येत असताना धावत राहणाऱ्या माणसाला तुम्ही परवानगी देता का?"

देत नाही. तो धावतो, आणि आम्ही पाण्याचा पेला घेऊन त्याच्याकडे पाहत राहतो. अपंग माणसालाही धोका पत्करण्याचा मान असतो आणि त्याला सतत सुरक्षित ठेवून आपण तो मान काढून घेतो, हे अमेरिकन लेखक रॉबर्ट पर्स्के यांनी 1972 मध्ये लिहिले होते, आणि मी ते प्रशिक्षणात इतरांना सांगत आले आहे. तरीही मी टेबलावर 'जाऊ द्या' म्हटले तेव्हा त्या दोन शब्दांनी एक दरवाजा उघडला गेला की मुळात बंद नसलेल्या दरवाजाची किल्ली मी खिशात ठेवून बसले होते, याचा विचार मी अजून करते आहे. मार्गावर काही अनर्थ झाला असता तर उत्तर मलाच द्यावे लागले असते, हेही खरे आहे, आणि ते बाईंनाही मान्य आहे.

आता पुढच्या शर्यतीच्या नियमावलीचा मसुदा चालू आहे. राखीव गाइड प्रत्येक ठाण्यावर असावा, हे कलम वाद न होता मंजूर झाले. वाटेत बदललेल्या गाइडचे नाव शर्यत संपल्यावर नोंदवले तरी वेळ ग्राह्य धरावी, हेही कुरकुरत का होईना मान्य झाले. अडले आहे ते तिसऱ्या कलमावर: वाटेत गाइड बदलल्यावर पुढे धावायचे ते कोणाच्या शब्दावर. सुरक्षाप्रमुखांना तिथे 'मार्गप्रमुखाच्या परवानगीने' हे शब्द हवे आहेत. धावपटूंच्या गटाला 'धावपटूच्या निर्णयाने, मार्गप्रमुखास कळवून' असे हवे आहे. मी गटाच्या मसुद्यावर सही केली आहे आणि त्यात एक ओळ जोडली आहे: ज्या कारणासाठी मार्गप्रमुख कोणत्याही धावपटूला थांबवेल, त्याच कारणासाठी याही जोडीला थांबवू शकेल, दुसऱ्या कोणत्याही कारणासाठी नाही. पुढच्या बैठकीत त्यावर मतदान आहे. मागच्या शर्यतीच्या निकालात बाईंच्या नावापुढे अजूनही 'अपूर्ण' आहे. चटईवर नोंदलेल्या वेळेचा मूळ तक्ता माझ्याकडे आहे, त्याची सही-शिक्क्याची प्रत मी त्यांना दिली आहे, आणि त्या ती बैठकीत मांडणार आहेत.