आता ती मला विचारत नाही

शनिवार, रात्री उशिरा

संध्याकाळी लेकीच्या बुटाची नाडी सुटली. मी समोरच खुर्चीत बसलो होतो. ती उठली, माझ्या पायांना धक्का लागू नये म्हणून वळसा घालून आत आजीकडे गेली आणि नाडी बांधून आली. माझी बोटं आता तेवढी चालतात, हे तिला माहीत आहे. पण तिला सवयच राहिलेली नाही. 'बाबाला त्रास द्यायचा नाही' हे घरातल्या सगळ्यांनी तिला शिकवलं आणि ती ते नीट शिकली. यात रागवायचं तरी कुणावर? तरी लागलंच.

हे सगळं सुरू झालं ते पोट बिघडण्यापासून. ते बरं होऊन मी विसरूनही गेलो होतो. मग एका सकाळी तळपायांना मुंग्या आल्या. संध्याकाळी जिना चढताना कठड्याला धरून स्वतःला वर ओढावं लागलं. दुसऱ्या दिवशी लेकीने नेहमीसारखी पाठीवर उडी मारली आणि माझे गुडघेच मिटले. ती हसली, तिला वाटलं मी मुद्दाम पडलो. मला उठताच येईना.

डॉक्टरांनी गुडघ्यावर हातोडी मारून पाहिली. पाय ढिम्म. मणक्यातलं पाणी काढलं, नसांची तपासणी झाली आणि नाव कळलं: गुलेन-बॅरे सिंड्रोम, म्हणजे जीबीएस. वर्षाला लाखात एखाद-दुसऱ्याला होणारा आजार. आधीच्या संसर्गाशी लढायला उठलेली प्रतिकारशक्ती चुकून स्वतःच्याच नसांवर तुटून पडते. 1916 साली तीन फ्रेंच डॉक्टरांनी दोन सैनिकांवरून त्याचं वर्णन केलं. दोघांची नावं आजाराला मिळाली, तिसरे स्ट्रॉल, ते नावातून गळाले. (अंथरुणावर पडून असलं की माणूस काय काय वाचतो.)

इम्युनोग्लोब्युलिनच्या, म्हणजे दात्यांच्या रक्तातून काढलेल्या प्रतिपिंडांच्या, बाटल्या 5 दिवस चालल्या. त्या काळात अशक्तपणा पायांतून कमरेत, कमरेतून हातांत चढत होता आणि सगळ्यांचं लक्ष माझ्या छातीकडे होतं. दर काही तासांनी नर्स म्हणायच्या, "एका दमात आकडे म्हणा." वीसपर्यंत पोहोचलो तर ठीक, आकडा घसरत गेला तर श्वासाच्या मशीनची तयारी. एकदा फोन चालू असताना लेकीने ते ऐकलं आणि तीही सोबत म्हणू लागली. मी विसाच्या बराच अलीकडे थांबलो. ती पन्नासच्या पुढे गेली, अर्थात मधे चोरून श्वास घेत. "बाबा हरला!" मशीन लागलं नाही. तेवढ्यावर सुटलो.

घरच्यांनी आधी तिला सांगितलं होतं की बाबा कामासाठी बाहेर गेलाय. मला हे पटलं नाही, आजही पटत नाही. सहा वर्षांच्या मुलीला घरातल्या मोठ्यांच्या दबक्या आवाजातलं सगळं कळतं, फक्त अर्थ ती स्वतःच लावते. तिने काय अर्थ लावला होता ते ती भेटायला आली तेव्हा कळलं. बराच वेळ पलंगाच्या दांडीशी खेळत राहिली आणि मग विचारलं, "मी उडी मारली म्हणून झालं का रे?"

मी तिला सांगितलं, नाही. मग वायरवरचं प्लास्टिक खरवडलं की कसं होतं तसं माझ्या नसांवरचं वेष्टण खराब झालंय, ते परत येतं, पण वेळ लागतो, असं सांगितलं. तिने विचारलं, मला होईल का? नाही, हा माझ्यापासून तुला लागत नाही. मग, तू मरणार आहेस का? डॉक्टर म्हणतात बरा होणार. एवढं ऐकल्यावर तिने पलंग वर-खाली करायचं बटण शोधून काढलं. तो प्रश्न तिने किती दिवस एकटीने सांभाळला असेल, हे मात्र माझ्या डोक्यातून जात नाही.

या आजारात बरं होणं वरून खाली उतरतं. हात आधी, पाय नंतर, तळपाय सगळ्यात शेवटी. वेष्टणच गेलं असेल तर ते तसं लवकर भरतं, पण आतला धागा तुटला असेल तर तो दिवसाला साधारण 1 मिलिमीटर वाढतो. मी कमरेपासून टाचेपर्यंत अंतर मनातल्या मनात मोजलं आणि भागाकार करायचा सोडून दिला.

आता काठी घेऊन घरभर फिरतो. भेटायला येणारे म्हणतात, "छान दिसतोयस की!" दिसतोच. पण दुपारपर्यंत अंगातला जीव कुणी काढून घेतल्यासारखा थकवा येतो, तो दिसत नाही. लेक शाळेतून येते नेमकी त्याच वेळी. तिच्या वाट्याला दिवसातला सगळ्यात निकामी बाबा येतो. आजपासून ठरवलं: सकाळचे व्यायाम अर्धे करायचे, उरलेले रात्री. फिजिओथेरपिस्टना विचारलं, ते हो म्हणाले.

बुधवार

बदलाचा थोडा उपयोग झाला. आज ती शाळेतून आली तेव्हा मी जागा होतो. तिने गणिताची वही आणली नाही, आजीकडेच नेली. पण रात्री व्यायामाला येऊन बसली आणि हुकूम सोडायला लागली. "टाच वर. खाली नाही, वर! परत." फिजिओथेरपिस्ट परवडले.

मधेच म्हणाली, आजी वेणी फार घट्ट घालते, उद्या तू घाल. मी म्हटलं, दप्तर भरतो, पट्टा लावतो, बसून होईल ते सगळं करतो. वेणी मला आजाराच्या आधीही येत नव्हती.