यामाहा घेऊ की सुझुकी?

नारळी पौर्णिमा जवळ आली की ओळखीतल्या कुणाचा ना कुणाचा फोन येतोच, दादा, होडीला आऊटबोर्ड म्हणजे मागच्या फळीला बाहेरून लावायचं इंजिन घ्यायचंय, यामाहा घेऊ की सुझुकी. होडी केवढी, कशाला वापरणार, किती माणसं बसणार, काही सांगायचं नाही, थेट ब्रँड. मी देवबागचा. आमचं छोटं होमस्टे आहे, २२ फुटी फायबरची होडी आहे, कर्लीच्या खाडीत फिरवतो आणि समुद्र शांत असला तर पर्यटकांना बाहेर डॉल्फिन दाखवायला नेतो. चुलतभाऊ शेजारीच राहतो, तो जाळी टाकतो. माझ्या होडीला २५ हॉर्सपॉवरचं सुझुकी फोर-स्ट्रोक (ऑइल वेगळं भरायचं), त्याच्या होडीला २५ चंच यामाहा टू-स्ट्रोक (ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचं), आणि आमच्यात कोण चुकलं म्हणाल तर कुणीच नाही.

फोनवर मी पहिलं विचारतो, तुझा मेकॅनिक कोण. समोरचा गप्प. आमचा जो मेकॅनिक आहे त्याच्याकडे मी नवीन इंजिनाचा विषय काढला तेव्हा मोबाइलवर चार-पाच फोटो दाखवले, हे कसं आहे ते कसं आहे, तर त्याने फोटोकडे धड बघितलंपण नाही. म्हणाला, "इंजिन सगळीच बरी आसत रे, पण पार्ट खंय गावतले ता माका सांग." मला त्या क्षणी जरा राग आला पण माणूस शंभर टक्के बरोबर होता. आमच्या बाजूला सीझन म्हणजे ऑक्टोबर ते मे, त्यातही खरी कमाई दिवाळी, नाताळ आणि मेची सुट्टी, या दिवसांत इंजिन थंड ठेवणाऱ्या वॉटर पंपाचं साधं किट मिळालं नाही म्हणून होडी वाळूत उभी राहिली की गिऱ्हाईक शेजाऱ्याकडे जातं, आणि शेजारी कितीही चांगला असला तरी ते परत देत नाही. जे किट मुंबईहून किंवा गोव्याहून रात्रीच्या लक्झरीत टाकलं की सकाळी कुडाळला उतरतं, ते ज्या कंपनीचं तीच कंपनी चांगली. एवढं साधं आहे.

नावाला भुलून काय होतं याचं उदाहरण इव्हिनरूड. १९०९ साली अमेरिकेत मिलवॉकीला ओले इव्हिनरूडने आऊटबोर्ड बनवून विकायला सुरुवात केली, म्हणजे या धंद्यातल्या सगळ्यात जुन्या घराण्यांपैकी एक म्हणा ना, आणि मालक कंपनीने २०२० च्या मेमध्ये उत्पादनच बंद केलं. पार्ट देत राहू म्हणाले खरे, पण कुणी "एकदम स्वस्तात मिळतंय" म्हणून ते आपल्याकडे आणलं तर त्याच्या पार्टांच्या मागे कोण धावणार.

बाकीच्यांचं थोडक्यात सांगतो. यामाहा १९६० पासून आऊटबोर्ड बनवतेय आणि त्यांची एन्ड्युरो सिरीज आफ्रिका-आशियातल्या मच्छीमारांची लाडकी, केरळात तर रॉकेलवर चालणारी मॉडेलंसुद्धा वर्षानुवर्षं चालतायत, पेट्रोलवर चालू करायची आणि गरम झाली की रॉकेलवर टाकायची. सुझुकी १९६५ ची, फोर-स्ट्रोकमध्ये चांगलं नाव, त्यांच्या ४० आणि वरच्या इंजिनांना टायमिंग बेल्टऐवजी चेन असते हे मला आवडतं. होंडा पहिल्यापासून फोर-स्ट्रोकवालीच. मर्क्युरी आणि तोहात्सूवरून भांडणारे भेटले की मला हसू येतं, कारण मर्क्युरीची बरीचशी छोटी फोर-स्ट्रोक तोहात्सूच जपानमध्ये बनवते. रंग वेगळा, स्टिकर वेगळा. तसंच ९.९ आणि १५ हॉर्सपॉवरचं, बऱ्याच कंपन्यांत दोन्हींचा ब्लॉक, म्हणजे इंजिनाचा मुख्य सांगाडा, एकच असतो, वजन जवळपास तेवढंच, त्यामुळे पैशाचा फरक परवडत असेल तर सरळ १५ घ्या.

खरा प्रश्न टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक हा आहे आणि तो लोक सगळ्यात शेवटी विचारतात. यूट्यूबवर अमेरिकन लोकांचे व्हिडिओ बघून ठरवू नका, तिकडे प्रदूषणाच्या नियमांमुळे कार्ब्युरेटरवालं टू-स्ट्रोक नवीन मिळतच नाही, मग ते तुलना कशाची करणार. आपल्याकडे मिळतं आणि त्याला कारण आहे. माझ्या भावाचं बघा, रात्री-पहाटे कधीही जातो, परत आला की होडी वाळूवर ओढायची, इंजिन काढून खांद्यावर टाकून घरी न्यायचं. २५ मध्ये टू-स्ट्रोक फोर-स्ट्रोकपेक्षा दहाएक किलो हलकं पडतं, ४० ला गेलात तर फरक आणखी वाढतो, टू-स्ट्रोक सत्तर-पंच्याहत्तर किलो आणि फोर-स्ट्रोक शंभराच्या घरात. शिवाय टू-स्ट्रोक टेम्पोत कसंही आडवं टाका चालतं, फोर-स्ट्रोक चुकीच्या कुशीवर झोपवलं की इंजिन ऑइल सिलिंडरमध्ये उतरतं आणि मग बसा. प्लग काढला पुसला लावला, दोरी ओढली, चालू. समुद्रात एकट्या माणसाला हेच पाहिजे.

मला ते नको होतं कारण माझ्या होडीत पुण्या-कोल्हापूरकडची माणसं बसतात, लहान मुलं बसतात. डॉल्फिनसाठी इंजिन मंद करून थांबलं की टू-स्ट्रोकचा धूर वाऱ्याबरोबर होडीतच फिरतो, एकाला मळमळलं की रांगेत सगळ्यांना मळमळतं. आणि मंद चालवण्यात टू-स्ट्रोक पेट्रोल जास्त पितं. त्यात ऑइल मिसळायचा उद्योग, बहुतेक मॉडेलांना ५०:१, म्हणजे लिटरला २० मिली, नवीन इंजिनाला सुरुवातीचे तास त्याच्या दुप्पट. भाऊ हे डोळे मिटून करतो, माझ्याकडे कामाला येणारी पोरं दर सीझनला बदलतात, त्यांच्या अंदाजावर इंजिन सोडायची माझी हिंमत नाही. फोर-स्ट्रोकला ऑइल बदलणं आलं, पहिलं २० तासांनी आणि मग दर १०० तासांनी, पण ते मी स्वतः करतो आणि वहीत लिहून ठेवतो.

आता पेट्रोल. यावर कुणी बोलत नाही आणि सध्या सगळ्यात जास्त इंजिनं यानेच आजारी पडतायत असं माझं मत आहे. पंपावर आता २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं, आणि बहुतेक आऊटबोर्डांच्या मॅन्युअलमध्ये १० टक्क्यांपर्यंत चालेल असं लिहिलेलं असतं. गाडीचं एक वेळ ठीक, ती रोज चालते, टाकी बंद असते. होडीची टाकी उन्हात, दमट हवेत, वर हवेचं भोक उघडं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, पाणी जास्त झालं की ते दोघं मिळून पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाला बसतात, आणि टाकीतली नळी तळातूनच ओढते. आगोटीला, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर, होडी वर काढताना टाकीत पेट्रोल तसंच ठेवलं आणि सप्टेंबरात दोरी ओढली तर काय होणार ते सांगायला नको. म्हणून कुठलंही इंजिन घ्या, पाणी वेगळं करणारा फिल्टर पहिल्या दिवशी बसवा, आणि कार्ब्युरेटरवालं असेल तर शेवटच्या फेरीनंतर गोड्या पाण्यावर चालू करून पेट्रोलची नळी काढून टाका, आतलं पेट्रोल संपून इंजिन आपोआप बंद पडू दे. फोर-स्ट्रोकच्या टाकीतलं उरलेलं स्कूटरला घाला. फ्युएल इंजेक्शनवाल्या इंजिनाला एवढ्याने भागत नाही, त्याचं पावसाळ्याआधीचं काम मेकॅनिककडून करून घ्या, म्हणजे गाडी परत मेकॅनिकवरच आली.

दुसरा शत्रू आमची वाळू. कर्ली समुद्राला मिळते त्या संगमाजवळ ओहोटीला पाणी एवढं कमी होतं की पंखा वाळू ढवळतच जातो, आणि ती वाळू इंजिन थंड करणाऱ्या पाण्याबरोबर पंपात. इंजिनाच्या मागून पाण्याची बारीक धार पडते ना, माझी नजर पर्यटकांपेक्षा जास्त तिच्यावर असते. धार बारीक झाली की आधी त्या भोकात जाड तंगूसाचा तुकडा घालून बघायचं, कधी नुसता मिठाचा खडा अडकलेला असतो. तरी नाही सुधारली तर खालचा पाय उतरवायचा, बोल्ट काढायचे, गिअरचा रॉड सोडवायचा, सरळ खाली ओढायचा, मग पंपाचं झाकण उघडलं की आत रबरी इम्पेलर. चांगला असला तर त्याच्या पाकळ्या सरळ उभ्या राहतात, गेलेला असला तर एका बाजूला वाकून तशाच कडक झालेल्या, कडा वाळूने घासून गुळगुळीत. एखादी पाकळी तुटलेली असेल तर तो तुकडा शोधायलाच लागतो, नाहीतर तो वर जाऊन पाण्याचा रस्ता अडवतो. आणि इम्पेलरला शाफ्टवर धरून ठेवणारी ती एवढीशी चावी (धातूचा तुकडा) वाळूत पडली तर... खाली ताडपत्री अंथरून काम करा.

बसवताना बोल्टना मरीन ग्रीस लावा, कारण स्टीलचा बोल्ट आणि ॲल्युमिनियमची बॉडी खाऱ्या पाण्यात वर्षभर एकत्र राहिली की गॅसने तापवल्याशिवाय सुटत नाहीत. अजून एक, इंजिन छान दिसावं म्हणून झिंकच्या तुकड्यावर रंग मारणारे लोक मी बघितलेत. अरे तो गंजण्यासाठीच लावलाय, त्याने गंजावं म्हणून, म्हणजे बॉडी वाचते.

घेताना दुकानात जाण्याआधी होडीच्या मागच्या फळीची उंची मोजा. इंजिनाच्या पायाची लांबी, म्हणजे शाफ्ट, त्यावर ठरतो, १५ इंची, २० इंची, २५ इंची असे शाफ्ट येतात. पंख्याच्या वरची आडवी प्लेट होडीच्या तळाच्या लेव्हलला किंवा जेमतेम इंचभर खाली यायला हवी. लांब शाफ्ट स्टॉकमध्ये नाही, आखूडच घेऊन जा असं कुणी म्हणालं तर चहा पिऊन परत या. पंख्याचंही तेच, कंपनी जो देते तो तुमच्या वजनाला जमेलच असं नाही. नेहमीची माणसं बसवून फुल थ्रॉटलला आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) बघा, मॅन्युअलमध्ये दिलेल्या रेंजच्या खाली राहत असेल तर पिच (एका फेऱ्यात पंखा किती पुढे सरकेल ते अंतर) कमी करा, एक इंचाने साधारण दीडशे-दोनशे आरपीएमचा फरक पडतो. कितीतरी जण पंखा चुकीचा लावून इंजिनाला शिव्या देतात आणि पुढच्या वेळी कंपनी बदलतात.

सेकंड हँड बघत असाल तर रंग बघू नका, खालच्या पायाचे बोल्ट बघा. इंजिन पाच-सहा वर्षांचं आणि बोल्टवरचा कंपनीचा रंग जसाच्या तसा, म्हणजे इम्पेलर कधी बदललेलाच नाही. गिअर ऑइल थोडं सोडून बघा, दुधासारखं आलं तर सील गेलंय. सगळ्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, जवळजवळ सारखं हवं. आणि नवीन घेणार असाल तर दोन इम्पेलर किट, प्लग, फिल्टर, एक जादा पंखा हे सगळं इंजिनाच्याच बिलात घालायला लावा, कारण दुकानदार भाव कमी करतो तो फक्त त्या एका दिवशी.